गाळलेलं पाणी पुन्हा लाल होत होतं

जांभा दगडातल्या विहिरीचं पाणी उपसताना नितळ दिसतं, पण त्यात लोह असेल तर काही वेळाने बादलीच्या तळाशी तांबूस साका बसतो. हे पाणी गाळायला प्रोजेक्टमध्ये केलेला वाळूचा फिल्टर इथेच फसला. पाण्यात विरघळलेलं लोह वाळूतून सरळ पार होतं. हवा लागल्यावरच त्याचा गंज होतो. म्हणून आधी हवा, मग वाळू.

खिळ्याने 30 भोकं पाडलेल्या डब्यातून पाणी हातभर उंचीवरून टाकीत पाडलं आणि रात्रभर ठेवलं. पाणी आम्लधर्मी असेल तर लोह फार सावकाश गंजतं, त्यामुळे आम्लता कमी करायला टाकीत तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) उकळून धुतलेल्या शिंपल्या टाकल्या. खरा फरक त्यांनी पडला.

फिल्टरसाठी 20 लिटरच्या बादलीत खाली 5 सेंमी खडी, 5 सेंमी जाड वाळू, वर 15 सेंमी बारीक वाळू. वाळू नदीचीच हवी, किनाऱ्यावरची खारट असते. धुवण नितळ येईपर्यंत धुवा. धार मिनिटाला 200 मिलीपेक्षा जास्त नको. बादलीच्या कडेने पाणी निसटतं, म्हणून आतली बाजू सॅंडपेपरने खरवडा.

चाचणी सोपी: गाळलेलं पाणी पांढऱ्या कपात 24 तास ठेवा, कडेला पिवळी रेघ उमटता कामा नये. जंतू मात्र राहतात. प्यायचं पाणी उकळाच.