चिकनच्या सॅम्पलवर सेन्सिटिव्हिटी लावताय? या चुका टाळा

एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट म्हटला की आमच्या नवी मुंबईतल्या निम्म्या पोरांचं ठरलेलं असतं, चिकनमधला ई. कोलाय (आतड्यातला जंतू) आणि त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे अँटिबायोटिकला दाद न देणं. तेच बघायला सेन्सिटिव्हिटी लावतात: जंतू पसरलेल्या अगारवर (जंतू वाढवायची जेली) अँटिबायोटिकच्या कागदी डिस्क ठेवायच्या आणि भोवतीचा जंतू न वाढलेला गोल, म्हणजे झोन, मोजायचा. विषय चांगलाय, पण चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात वाईट म्हणजे कंट्रोल, म्हणजे ज्याचा निकाल आधीच माहीत आहे असा जंतू, सोबत न लावणं. एका पावसाळ्यात एक ग्रुप धावत आला, मॅडम, नेरूळ-सानपाड्याचे सगळे आयसोलेट्स (सॅम्पलमधून वेगळे काढलेले जंतू) इमिपेनेम या अँटिबायोटिकला रेझिस्टंट! पेपरचं टायटलपण तयार. म्हटलं २५९२२ (ई. कोलायचा ठरलेला कंट्रोल) लावलात का, तर सगळे गप्प. लावायला लावला, आणि ज्या एटीसीसी २५९२२ ने इमिपेनेमला २६ ते ३२ मिमीचा झोन द्यायलाच हवा त्याचाही झोन एवढुसा, म्हणजे कोंबडीचा काही दोष नाही, डिस्कच बाद झालेल्या. घाई अशी की फ्रीझरमधून काढली रे काढली की वायल (डिस्कची बाटली) उघडायचे, त्यात आपली जुलैची हवा, गार डिस्कला लगेच ओल धरते आणि इमिपेनेम, अमॉक्सिक्लॅव यांना ती अजिबात सोसत नाही. मी वायल बाहेर काढते, बंदच ठेवते आणि चहाला जाते, आल्यावर झाकण उघडते. नव्या डिस्क लावल्यावर सगळे सेन्सिटिव्ह, टायटल गेलं!

कोलिस्टिन हे अँटिबायोटिक पोल्ट्रीत वापरायला आपल्याकडे २०१९ मध्ये बंदी आली, त्यामुळे ते प्रत्येकाला तपासायचं असतं आणि प्रत्येकजण डिस्कच लावतो. अरे, तो मोठा रेणू अगारमध्ये धड पसरत नाही, झोन काय मोजताय? ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव मीडियात औषध पातळ करत नेऊन जंतू वाढतो का बघणं) करा, नाहीतर कोलिस्टिन टेबलातून काढा.

०.५ मॅकफारलंड (जंतूंच्या द्रावणाचा ठरलेला गढूळपणा) अंदाजाने धरू नका, दाट झालं की झोन बारीक येतो. अगार ४ मिमी, मीडिया उरलाय म्हणून जाड ओतायचा नाही.

क्लेबसिएला (आणखी एक जंतू) अँपिसिलिनला १०० टक्के रेझिस्टंट असं ठळक अक्षरात लिहून पोल्ट्रीवाल्यांना झोडपू नका, ती जन्मतःच तशी असते.

एकाच कोंबडीच्या पाच कॉलन्या (प्लेटवर दिसणारे जंतूंचे ठिपके) म्हणजे पाच आयसोलेट्स नव्हेत.

आणि दुकानातल्या चिकनवर मिळालेला जंतू फार्मवरूनच आला हे कशावरून? मधे सुरी, लाकडी ओंडका, बादलीतलं पाणी, कापणाऱ्याचे हात, सगळं येतं. फार्मबद्दल बोलायचंय तर पनवेल-कर्जतकडच्या शेडवर जा, मालकाला विचारून क्लोएकल स्वॅब (कोंबडीच्या मागच्या द्वारातून बोळ्याने घेतलेला नमुना) घ्या, औषधं काय देतात तेही तिथेच विचारा. पण तिथे वास येतो ना, म्हणून मग सगळे स्टेशनजवळच्या दुकानात.