दुकानात गुण्यागोविंदाने, घरात मारामारी: टाकीत मासे एकत्र ठेवताना या चुका टाळा

कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत एकाच टाकीत ढिगाने मासे फिरत असतात आणि कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. ते पाहून आपण चार प्रकार घरी आणतो आणि काही आठवड्यांत शेपट्या फाटू लागतात. दुकानात असतात ती बहुतेक पिल्लं. गर्दी इतकी असते की कोणालाच आपला कोपरा धरता येत नाही, आणि मुक्कामही चार दिवसांचा. घरी तोच मासा वाढतो, वयात येतो, जागेवर हक्क सांगू लागतो. म्हणून समोरचा दोन इंची मासा पाहून निवड करू नका. दुकानदाराला थेट विचारा, पूर्ण वाढल्यावर हा केवढा होतो? उत्तर देताना तो अडखळला तर तो मासा त्या दिवशी घेऊ नका.

नऊ गोल्डफिश, दोन फुटी टाकी

आपल्याकडे पुष्कळ घरांत पहिली टाकी वास्तूसाठी किंवा फेंगशुईसाठी येते. आठ सोनेरी आणि एक काळा, असा हिशेब ठरलेला. पण दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की उरतं ४५ ते ५०. गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो आणि भरपूर घाण करतो. नऊ जणांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया एवढ्याशा पाण्यातला साधा फिल्टर आवरूच शकत नाही. माझ्या मते या टाकीत दोनच्या वर गोल्डफिश नकोत, आणि ते दोनही फिल्टर दमदार असेल तरच. श्रद्धेसाठी आणलेले जीव महिन्याभरात एकेक करून मरताना पाहणं कोणालाच नको असतं.

दुसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. तो नववा काळा मासा बहुधा ब्लॅक मूर असतो. त्याचे डोळे बाहेर आलेले, नजर अधू, अंग गोल आणि चाल संथ. सोबत कॉमेट जातीचे चपळ गोल्डफिश असले तर ते खाणं त्याच्या तोंडापर्यंत पोहोचूच देत नाहीत. तो रोज अर्धपोटी राहतो आणि आपल्याला वाटतं, मासा आजारी आहे. ब्लॅक मूर, ओरांडा, बबल आय हे गोल्डफिशचे संथ प्रकार एकमेकांसोबतच ठेवावेत.

गोल्डफिशसोबत गप्पी किंवा निऑन हे छोटे मासेही नकोत. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, या दोघांना २५ अंशांच्या आसपासचं. मुंबईत पाणी जवळजवळ बारा महिने कोमट असल्याने ही चूक लपून राहते. नाशिक-पुण्याच्या थंडीत ती उघडी पडते. हिटर लावला तर गोल्डफिशला त्रास, नाही लावला तर निऑन गारठतात आणि अंगावर पांढरे ठिपके येतात. शिवाय मोठा झालेला गोल्डफिश निऑन सहज गिळतो.

‘शार्क’ आणि ‘सकर’

‘ब्लॅक शार्क’ म्हणून विकलं जाणारं राखाडी पिल्लू पंगासियस असतं, म्हणजे ज्याचे काप ‘बासा’ या नावाने ताटात येतात तोच मासा. तो मीटरभर वाढू शकतो. घरातल्या कोणत्याही टाकीत त्याला जोडीदार शोधण्यात अर्थ नाही. सिल्व्हर शार्कही फूटभर होतो आणि त्याला आपल्या जातीचा थवा लागतो.

टाकी साफ करील म्हणून घेतलेला सकरही पुढे फूटभर होतो आणि शेवाळापेक्षा आयतं खाणं पसंत करतो. भूक भागली नाही की रात्री गोल्डफिशसारख्या संथ, रुंद अंगाच्या माशाला चिकटतो आणि त्याच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. सकाळी गोल्डफिशच्या अंगावर लाल चट्टे दिसले, तर औषध आणण्याआधी सकर वेगळा करा.

जोड्या ज्या दिसायला छान असतात

एंजल आणि निऑन ही सर्वात जास्त विकली जाणारी जोडी असावी. दोन्ही पिल्लं असेपर्यंत सगळं ठीक चालतं. एंजल मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो, आणि रोज सकाळी एकेक कमी होत जातो.

टायगर बार्ब लांब शेपट्या कुरतडतो. एंजल, गप्पी, फायटर यांच्याजवळ तो नकोच. त्यातही दोन-तीनच टायगर बार्ब आणणं ही मोठी चूक आहे. आठ-दहा असले तर त्यांची खोडी बरीचशी आपापसात राहते. निऑन आणि तळाशी फिरणारे छोटे कॉरीडोरास यांनाही सहाच्या खाली ठेवू नका. एकटा पडलेला मासा दडून बसतो, खाणं सोडतो. फायटरचे दोन नर एकत्र नसावेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गप्पीच्या नराची रंगीत शेपटीसुद्धा फायटरला प्रतिस्पर्ध्याची वाटू शकते. गप्पींमध्ये एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर एकाच मादीचा पाठलाग होऊन ती दमून मरते.

आपल्या नळाला काय येतं ते आधी पाहा

भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं मुंबईला येणारं पाणी सौम्य, म्हणजे कमी क्षारांचं असतं. दख्खनच्या बेसॉल्टमधलं बोअरवेलचं पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं. मॉली आणि गप्पी जड पाण्यात खुलतात, निऑनला सौम्य पाणी हवं. मॉली आणि निऑन एकत्र ठेवले की दोघांपैकी एकाची आबाळ ठरलेली. औषधं घालून पाणी बदलत बसण्यापेक्षा पाण्याप्रमाणे मासे निवडा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवूनच टाकीत घाला.

भांडण सुरू झालंच असेल तर

आधी फाटलेली शेपटी नीट पाहा. स्वच्छ खाचा पडल्या असतील तर कोणीतरी चावतंय. कडा पांढरट होऊन झडत असतील तर दोष पाण्याचा असतो, आणि सोबतीला बोल लावून उपयोग नाही. सगळेच मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर भांडण नंतर पाहू. ताबडतोब काही पाणी बदला, हवेचा पंप लावा आणि अमोनिया तपासा.

दादागिरी करणारा सापडला तर त्याला दोन-चार दिवस बादलीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात वेगळं ठेवा. तेवढ्यात टाकीतले दगड, झाडं यांची जागा बदला आणि मग त्याला परत सोडा. त्याचा जुना हक्काचा कोपरा उरत नाही, आणि बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नवे मासे आणताना दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून रोग नाही याची खात्री करा आणि खाणं घातल्यावर, दिवा मालवून टाकीत सोडा.

पुन्हा पाठलाग सुरू झाला तर तो मासा त्या टाकीचा नव्हे. दुकानात परत द्या, मोठी टाकी असलेल्या कोणाला तरी द्या. तलावात किंवा नदीत मात्र सोडू नका. लोकांनी असे सोडलेले सकर आज केरळच्या पाण्यात आणि कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत फोफावले आहेत, आणि तिथल्या मासेमारांच्या जाळ्यांत स्थानिक माशांऐवजी तेच अडकतात.