गोल शिक्का, कडक भाकरी आणि पहिले तीन महिने

निवड यादीत माझं नाव आलं त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मामानं विचारलं, "जामीन कुणाचा देणारेस?" शिष्यवृत्तीवर परदेशी जाण्याची खरी सुरुवात त्या प्रश्नापासून होते, म्हणून मीही तिथूनच सांगते.

मी सोलापूरची. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळते. एमएस्सीसाठी इंग्लंडात लीड्सला गेले आणि शिकून परत आले. आता दर वर्षी जून-जुलैत ओळखीतल्या, ओळखीच्याही ओळखीतल्या मुलामुलींचे फोन येतात. बहुतेक प्रश्न सामानाचे असतात. कुकर न्यावा का, स्वेटर इथून घ्यावा की तिथून. तेही सांगते, पण आधी हे ऐका. बापाच्या पैशानं जाणाऱ्या मुलापेक्षा आपलं एक वेगळं असतं. आपला पैसा तिसऱ्याच्या हातात असतो, आणि मंजूर झालेला पैसाही उशिरा येऊ शकतो. पहिले तीन महिने तो येणारच नाही असं धरून तयारी करा.

मंजुरीचं पत्र हातात आलं की फोटो काढून स्टेटसला टाकण्याआधी पेन्सिल घेऊन बसा. फी थेट विद्यापीठाला जाणार की आधी तुम्ही भरायची? निर्वाह भत्ता किती हप्त्यांत? प्रत्येक हप्त्याआधी कोणता कागद द्यायचा, त्यावर कुणाची सही, शिक्का लागतो का? काम करायला परवानगी आहे का? अटी मोडल्या तर पैसे परत करू असं आपण आणि जामीनदार लिहून देतो, ते बंधपत्र कधी सुटतं? ज्याचं उत्तर पत्रात नाही, ते ईमेलनं विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर पुढे कुणाला आठवत नाही.

मामानं स्वतःच्या दोन एकरांच्या सातबाऱ्यावर माझा जामीन दिला. जामीनदाराला सही करण्याआधी बंधपत्र मराठीत समजावून सांगा. सगळं, शिक्षण अर्धवट सुटलं तर काय होतं तेसुद्धा. ते माणूस तुमच्यावर विश्वास टाकून सही करतं, त्याला अंधारात ठेवू नये.

नावाचा घोळ इथेच मिटवा. आपल्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना चक्क रिकामा. विद्यापीठाचं पत्र, व्हिसा आणि बँक, तिन्हीकडे पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर नाव हवं. टीबीची तपासणीही नेमून दिलेल्या केंद्रातच करावी लागते. सिव्हिलमधला एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी चालत नाही.

व्हिसाचं पूर्वी कार्ड मिळायचं. 2024 अखेर ती कार्डं संपली, आता सगळी नोंद ऑनलाइन असते. निघण्याआधी त्या खात्यात एकदा शिरून बघा, पासपोर्ट नंबर बरोबर जोडलाय का. तिथूनच आपला व्हिसा दुसऱ्याला तपासता यावा म्हणून 'शेअर कोड' निघतो, तो घरमालक आणि नोकरी देणारा दोघेही मागतात.

आता पैशाचा हिशेब. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला 9,900 पौंड असा राहिला आहे. माझी शिष्यवृत्ती वेगळी होती, पण रक्कम याच्याच आसपास. तिकडे खोलीचं भाडं आठवड्याचं सांगतात. 130 पौंड ऐकलं की आपण चारानं गुणतो आणि 520 धरतो. चुकतं. वर्षाचे 52 आठवडे भागिले 12, म्हणजे महिन्याला 563. करार 51 आठवड्यांचा असेल तर वर्षाचं भाडं 6,630 पौंड, आणि उरलेल्या 3,270 मध्ये वर्षभराचं खाणं, बस, फोन, पुस्तकं, कपडे. आठवड्याला साधारण 63 पौंड. भागतं, पण नेटकं वागलं तरच. लंडनमध्ये असाल तर हे गणित आणखी ओढाताणीचं होतं.

पहिल्या तीन महिन्यांचं भाडं आणि खाणं धरलं तर अडीच हजार पौंड जवळ हवेत. आपल्यासारख्या घरात एवढे कुठून येणार? मी बचत गट आणि पतसंस्था मिळून जेमतेम 700 पौंड नेले. ते पुरले नाहीत. तेव्हा निघण्याआधीच विद्यापीठाच्या वसतिगृह कार्यालयाला मंजुरीचं पत्र पाठवा आणि भाड्याच्या तारखा भत्त्याच्या तारखांनंतर ठेवता येतील का ते विचारा. माझ्या मागून गेलेल्या दोघींना हे जमलं. मला हे विचारता येतं हेच माहीत नव्हतं. फी शिष्यवृत्तीतून येणार आहे, हेही फी-विभागाला लेखी कळवा. नाहीतर बिल तुमच्या नावानं निघतं.

पहिल्या वर्षी शक्यतो विद्यापीठाच्याच वसतिगृहात राहा. खासगी घरमालक बहुधा ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतात, तिथे मामाचा सातबारा चालत नाही. खोली न बघता कुणाला पैसे पाठवू नका. खासगी घर घेतलंच, तर इंग्लंडमध्ये डिपॉझिट सरकारमान्य योजनेत 30 दिवसांच्या आत ठेवणं घरमालकाला बंधनकारक आहे. त्याचा कागद मागून घ्या आणि पहिल्याच दिवशी भिंती, गादी, बेसिन सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

आता माझ्यावर गुदरलेली गोष्ट. दुसऱ्या हप्त्यासाठी प्रगती अहवाल द्यायचा होता. माझ्या मार्गदर्शकांनी तो कॉम्प्युटरवर सही करून अर्ध्या तासात परत पाठवला. मी पुढे पाठवला आणि वाट बघत बसले. तीन आठवडे काही उत्तर नाही. नोव्हेंबरात आपल्यात आणि तिकडे साडेपाच तासांचा फरक असतो, म्हणजे इथलं कार्यालय साडेदहाला उघडतं तेव्हा तिथे पहाटेचे पाच. अंधारात स्वेटरवर चादर गुंडाळून फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, गोल शिक्का नाही."

मी सरांकडे गेले. त्यांनी टेबलाचे खण उघडून बघितले. त्यांच्याकडे शिक्का नव्हताच, त्यांच्या विभागात कुणाकडेच नव्हता. त्या देशात सही झाली की झालं. शेवटी विद्यार्थी सेवा केंद्राच्या खिडकीवर गेले, जिथे बँकेसाठी पत्ता प्रमाणित करून देतात. तिथल्या बाईंच्या ड्रॉवरमध्ये एक होता. पहिला ठसा फिका उमटला. मी म्हटलं, पुन्हा मारा. त्यांनी शाईच्या पॅडवर दाबून पुन्हा मारला, मग कागद उजेडात धरून मला दाखवला, सगळी अक्षरं आली का म्हणून. त्या कागदामुळे माझे पैसे सुटले, पण त्यात सात आठवडे गेले होते.

त्या सात आठवड्यांत आई रोज विचारायची, "पैसं आलं का गं?" मी आले म्हणून सांगायचे आणि डाळभात, डाळभात करून दिवस काढायचे. ते चुकलं माझं. घरी खरं सांगा, आणि विद्यापीठातही सांगा. अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी बहुतेक विद्यापीठांत वेगळा निधी असतो, विद्यार्थी संघटनेत मोफत सल्ला मिळतो. मी डिसेंबरात तिथे गेले आणि दोन दिवसांत तात्पुरतं कर्ज मिळालं. ऑक्टोबरात गेले असते तर एवढी अंगानं उतरले नसते. मागताना मान खाली घालू नका. तुम्ही मेरिटवर आलेले आहात.

बाबासाहेबांचं आठवा. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून पुढे शिकायला लंडनला गेले, पण 1917 मध्ये मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली, आणि 1920 मध्ये ते परत गेलेच. ती परवानगी घेऊन ठेवली होती, हे मला फार मोलाचं वाटतं. पैसा थांबला तरी विद्यापीठाचं दार उघडं राहील असा कागद आधी मिळवा. लंडनला गेलात तर 10, किंग हेन्रीज रोड या घरी जाऊन या. 1921-22 मध्ये ते तिथे राहायचे. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं, आता तिथे स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. मी भत्ता आल्यावरच्या पहिल्या रविवारी गेले होते.

सामानाचं थोडक्यात सांगते. सोलापुरी चादर न्याच, एकच, पण चांगली जाड. तिथल्या रजईखाली ती घातली की हीटर कमी लागतो. कडक भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात उभी लावा, महिनाभर सहज टिकते. शेंगा चटणी चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत. पेढे, तूप, खवा मात्र नेऊ नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. कुकर इंडक्शनवर चालणारा बघून घ्या, साधा ॲल्युमिनियमचा तिथे बऱ्याच शेगड्यांवर तापतच नाही. चष्मा नवा करून घ्या, दात दाखवून घ्या.

ज्वारीचं पीठ तिथे भारतीय दुकानात मिळतं. पण विजेच्या शेगडीवर जाळ नसतो, त्यामुळे भाकरी तव्यावरून काढून आचेवर फुगवता येत नाही. मी पहिल्यांदा थेट तापलेल्या चकतीवर टाकली. कड करपली, धूर झाला, छतावरचा अलार्म वाजला आणि अख्खा मजला थंडीत खाली उभा राहिला. मग रीत सापडली. भाकरी जरा पातळ थापायची, पाणी फिरवलेली बाजू सुकली की उलटायची, आणि दुसरी बाजू भाजली की तव्यावरच सुती कापडाच्या बोळ्यानं कडेकडेनं दाबत फिरवायची. फुगते. खिडकी मात्र आधी उघडा.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नाव नोंदवा. आरोग्य अधिभार व्हिसाबरोबरच भरलेला असतो, त्यामुळे तपासणीला पैसे लागत नाहीत. औषधांना इंग्लंडमध्ये लागतात, पण उत्पन्न कमी असेल तर एचसी-वन नावाचा फॉर्म भरून सवलत मिळू शकते. फक्त पूर्णवेळ विद्यार्थीच राहतात अशा घराला काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, नसतो. विद्यापीठाचं पत्र मात्र द्यावं लागतं.

काम करायचं तर पदवी किंवा मास्टर्सच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा. मास्टर्सवाल्यांनी हे नीट लक्षात ठेवा, उन्हाळ्यात प्रबंध लिहीत असता तेव्हाही ते सत्रच धरतात, सुट्टी नाही. दुसऱ्याच्या नावाच्या ॲप-खात्यावर जेवण पोचवायचं काम कुणी सुचवलं तर हात जोडा. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही आणि एका चुकीनं व्हिसाही जातो, शिष्यवृत्तीही.

बोलीची भीती वाटेल. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण असून मला बस ड्रायव्हरचं बोलणं कळेना. तो मला 'लव्ह' म्हणाला तेव्हा मी दचकले. यॉर्कशरमध्ये ते आपल्या 'ताई', 'मावशी'सारखं सगळ्यांनाच म्हणतात. आपण सोलापूरची माणसं एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकत वाढतो. कान तयार असतो, दोन महिन्यांत सगळं कळायला लागतं.

डिसेंबरात लीड्सला पावणेचारला सूर्य मावळतो. मन खचतं, सगळ्यांचंच खचतं. दुपारी उजेड असेतोवर बाहेर चालून या, आणि जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी घरच्यांना नंदीध्वज व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. मी त्या दिवशी रडले, आणि मग तीन तास सलग अभ्यास झाला.

शिकून झाल्यावर तिथेच दुसरा व्हिसा घ्यायचा असेल, तर सरकारी शिष्यवृत्तीवाल्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्यांची लेखी संमती लागू शकते. ती आधी मागा. परत आलात तर पदवी, गुणपत्रक जमा करून बंधपत्रातून मुक्त केल्याचं पत्र लेखी घ्या, जामीनदाराच्या नावासकट. मला ते मिळायला चार खेपा पडल्या. चौथ्या खेपेला ते घेऊन मी आधी मामाकडे गेले. त्यानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं, शिक्क्यावर बोट फिरवलं, आणि कपाटातल्या पिशवीत सातबाऱ्याच्या शेजारी ठेवून दिलं.