किडनी ट्रान्सप्लांटसाठी पैसे जमवताय? आधी इस्टिमेट घ्या
मामांच्या वेळी आम्ही आधी नातेवाईकांकडे धावलो आणि तिथेच महिना गेला. पहिलं काम म्हणजे हॉस्पिटलचं सही-शिक्क्याचं इस्टिमेट आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दहा-दहा झेरॉक्स काढून फोल्डरमध्ये ठेवा कारण बहुतेक सगळे तेच मागतात. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक ट्रस्ट, दोन्हीकडे ऑपरेशनच्या आधीच अर्ज करा, मुख्यमंत्री निधीचे पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात, तुम्ही भरलेलं बिल परत मिळत नाही. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के बेड गरिबांना फ्री आणि १० टक्के सवलतीत असतात, तिथल्या सोशल वर्करना स्वतःहून विचारा, प्लीज लाजू नका. आणि नंतरच्या गोळ्या कायमच्या असतात हो, तोही खर्च आत्ताच धरा.