ऑटिझम असलेल्या मुलासाठी शाळा बघताय? मग पावसात जाऊन बघा

आम्ही शाळा बघायला मार्चमध्ये गेलो, तिथेच चुकलो. बाहेर आंब्याची सावली, वर्ग हवेशीर, बाई गोड बोलणाऱ्या, लगेच नाव घातलं. जूनमध्ये पाऊस लागला आणि पत्र्यावर असा काय ताशा वाजायला लागला की आमचं ध्यान दोन्ही कानांवर हात दाबून बाकाखाली. बाई म्हणाल्या हट्टी आहे. हट्टी कसला, त्याला तो आवाज सहनच होत नाही.

म्हणून सांगते, नाव घालायच्या आदल्या वर्षी जुलैत, धो धो पडत असताना जा. छप्पर पत्र्याचं की कौलं की स्लॅब, घंटा कुठे वाजते, मधल्या सुट्टीत गोंगाट किती, खिचडी वर्गाशेजारीच शिजते का (वासानेही काही मुलं जेवत नाहीत), संडासात उजेड आहे का, सगळं बघायचं.

मग बाईंना एकच विचारा, मूल रडायला लागलं किंवा वर्गातून पळालं तर तुम्ही काय करता? "आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो" असं उत्तर आलं तर मी तरी चहा पिऊन परत येईन. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी उलट मलाच विचारलं, त्याला आवडतं काय? मी म्हटलं एसटीचे बोर्ड, दिवसभर कुडाळ-मालवण, कुडाळ-मालवण चालू असतं. तर त्यांनी दिवसभराचं वेळापत्रक पुठ्ठ्यावर एसटीच्या बोर्डासारखं करून लावलं, चित्रांसकट, प्रार्थना-गणित-खिचडी-घर. पुढे काय होणार हे दिसलं की अर्धी रडारड कमी होते.

लोक तालुक्याच्या मोठ्या इंग्लिश मीडियमच्या मागे लागतात, पण साठ मुलांचा वर्ग आणि व्हॅनमध्ये पाऊण तास घाटातली वळणं, त्यापेक्षा कमी पटाची वाडीतली मराठी शाळा आमच्यासारख्यांना बरी पडते, घरची भाषाच शाळेत ऐकू येते. अर्थात मुलाला पूर्ण वेळ जवळ माणूस लागत असेल तर विशेष शाळाही बघा, फक्त स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून नक्की किती दिवस येतात ते विचारा, फलकावर नाव असून भागत नाही.

"आम्ही अशी मुलं घेत नाही" असं मान्यताप्राप्त शाळा म्हणाली तर म्हणावं लेखी द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि 40 टक्के किंवा जास्तीचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन होतो, तपासणीला बहुतेक जिल्हा रुग्णालयातच जावं लागतं, तर आधीच करून ठेवा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना मुख्याध्यापकांसमोर आणून बसवा, आईने सांगितलेलं आणि त्यांनी सांगितलेलं यात फरक पडतो, काय करणार. शेजारच्या काकी "सगळा बरा होतला" म्हणून थांबायला सांगतील, थांबू नका.

पहिले पंधरा दिवस अर्धाच वेळ बसवू देतात का तेही विचारून घ्या, आणि गणपतीच्या सुट्टीनंतर परत तसंच, कारण लांब सुट्टीत घडी मोडतेच. आमच्याकडे आता पाऊस जोरात आला की तो वही घेऊन आपला आपण ऑफिसात जाऊन बसतो, तिथे स्लॅब आहे, आणि जरा ओसरला की बोर्ड बघून वर्गात परत.