पूर्वेचा काठ: पाणी चढण्याआधीची तयारी

हतनूर धरण असो, वाघूर धरण असो की जळगावचा मेहरूण तलाव, पावसाळ्यात लाटांचा मार जास्त खातो तो पूर्वेकडचा काठ. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधलं तापीचं खोरं पश्चिमेला उघडं. जून ते सप्टेंबर वारा त्याच तोंडातून आत येतो. म्हणून आधी नकाशावर आपल्या काठापासून पश्चिमेकडे आणि नैऋत्येकडे समोरच्या काठापर्यंत रेघ ओढा आणि मधे मोकळं पाणी किती ते मोजा.

५ किलोमीटर मोकळं पाणी, ४ मीटर खोली आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा धरला, तर पाणी रेटलं जाऊन काठाशी पातळी चढते ती जेमतेम ७ सेंटिमीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा चढ चौपट होतो, आणि गाळ भरलेल्या उथळ भागात तो आणखी वाढतो. पण खरं नुकसान करते ती लाट. एवढ्याच वाऱ्यात ती ६० ते ९० सेंटिमीटर उठते आणि उतारावर आणखी वर धावते. त्यामुळे पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, खताच्या गोण्या, चारा हे सगळं पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या पातळीच्या, निदान दीड मीटर वर हवं. ही पातळी शाखा अभियंत्याकडून समजून घ्या आणि लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) ती आपल्या बांधावर आणून खुंट ठोका. मागच्या वर्षीचा काडीकचरा अडकलेली रेघ दिसत असेल तर तीही बघा. लाट कुठवर आली होती ते ती सांगते.

काठाचं काम मेमध्येच करायचं, कारण पायथा उघडा असतो तो तेव्हाच. ऑगस्टमध्ये वरून कितीही दगड टाकले तरी खालून माती निघून जाते. पूर्ण संचय पातळीच्या खालची जमीन बहुधा जलसंपदा विभागाची असते, तेव्हा आधी लेखी परवानगी घ्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिलं पाणी त्यांत शिरतं आणि काठाची ढेकळं सुटतात. भेगांत मुरूम भरून, पाणी मारून कुटून घ्या. उभा काठ कापून उभ्या १ फुटाला आडवे ३ फूट असा उतार द्या. पायथ्याशी ६० सेंटिमीटर खोल चर खणून मोठे काळे दगड बसवा. उतारावर आधी १५ सेंटिमीटर वाळू, तिच्यावर १५ सेंटिमीटर खडी आणि मग ३० सेंटिमीटर जाडीचं दगडी पिचिंग, म्हणजे दगड बसवून केलेलं अस्तर. वाळू-खडी वाचवायला जाऊ नका. परतणारी लाट दगडांच्या फटीतून माती ओढून नेते, मग दगड जागेवर दिसतात पण खाली पोकळी झालेली असते. उभी सिमेंटची भिंत तर नकोच. तिच्यावर आपटलेली लाट खाली वळून पायाच उकरते.

पिचिंगच्या वरच्या पट्ट्यात जूनच्या पहिल्या पावसावर वाळा लावा, रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून, काठाला समांतर ओळीत. बेशरमही लाट मोडते, पण ती तलावात पसरते, लावू नये.

काठ तातडीने अडवायला गोण्या लागतीलच. त्या दोन-तृतीयांशच भरा, वाळूने किंवा मुरमाने. काळी माती भरलीत तर भिजून तिचा चिखल होतो आणि गोणी बसते. विटांसारखा सांधमोड ठेवून रचा, तोंड दुमडून खाली दाबा.

वारा सुटला की मोटारीचा मेन स्विच बंद करा, पाण्यात सोडलेल्या फूटव्हॉल्व्हच्या पाइपला दोर बांधा, होडी वर ओढून उलटी ठेवा. लाटा चालू असताना काठाच्या कडेला उभं राहू नका. खालून कोरलेला काठ वरून शाबूत दिसतो.

हतनूरला ४१ दरवाजे आहेत. बरेचसे एकदम उघडले की फुगवटा, म्हणजे धरणामागे साठलेलं पाणी, भराभर ओसरतो, काठात मुरलेलं पाणी मात्र आतच राहतं, आणि बाहेरचा आधार गेल्यामुळे भिजलेला काठ खचतो. म्हणून वारा थांबला तरी पुढचे २ दिवस काठावर ट्रॅक्टर नेऊ नका, गुरं उतरवू नका. काठाला समांतर नवी भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंटी ठोकून रोज सकाळी अंतर मोजा. ते वाढत असेल तर लगेच मोटार आणि पाइप मागे घ्या.