गणपतीत घरी देवाधर्मावरून वाद पेटला तर काय करायचं

गणपतीला घर भरलं की दुसऱ्या रात्री आमच्याकडे हा विषय निघतोच, मुंबईवरून आलेला चुलतभाऊ म्हणणार धर्मामुळेच आपण मागे राहिलो आणि काका म्हणणार देव होता म्हणून गाव एकत्र राहिलं, मग आवाज चढतात आणि आतून काकी ओरडते. इतक्या वर्षांत मला जे थोडंफार जमलं ते सांगतोय.

पहिलं म्हणजे जेवणाच्या पानावर हा विषय काढूच नका. भजनवाले उसळ-चहा घेऊन पुढच्या घरी गेले की ओटीवर निवांत बसा.

दुसरं, "धर्म हवा की नको" असं विचारलंत की रात्र फुकट गेलीच समजा. त्यापेक्षा एकच प्रथा धरा, आणि तिचा फायदा कोणाला, त्रास कोणाला एवढंच बोला. देवराई घ्या ना, देवाच्या धाकाने तिथे कोणी कोयती चालवली नाही म्हणून ते रान आणि तिथला झरा टिकला, हे न मानणाऱ्याने मोकळेपणाने कबूल करावं. आणि त्याच देवाच्या नावाने, गावकीच्या जोरावर माणसं वाळीत टाकली गेली, रायगडमधून तर कितीतरी तक्रारी झाल्या, सरकारला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, हे मानणाऱ्यांनीही कबूल करायला पाहिजे.

आता महाडचं नाव निघणारच. तेव्हा अर्धंच सांगू देऊ नका प्लीज. बाबासाहेबांनी 1927 च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी घेतलं, डिसेंबरात तिथेच मनुस्मृती जाळली, हे भाऊ सांगतो. पण 1956 ला त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला, म्हणजे माणसाला धर्म लागतो असं त्यांना वाटत होतं, हे काका सांगतात. दोघांचंही खरं आहे, पूर्ण गोष्ट एकदा शांतपणे बोलून घ्या. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर पण आठवा, भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला आणि 1931 ला ते सगळ्या जातींसाठी उघडलं, म्हणजे देवळातूनसुद्धा बदल झालाय.

आणि शेवटी गावातलं माणूस डोळ्यासमोर आणा. मी काकांना एवढंच विचारलं, शिमग्यात पालखी सगळ्यांच्या दारात नाचते आणि एकाच घरावरून सरळ पुढे जाते, नारळ-ओटीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या त्या आजीला काय वाटत असेल हो? काका बराच वेळ गप्प होते. यंदा गावच्या बैठकीत त्यांनी स्वतःच तो विषय काढला, अजून ठरलं काहीच नाही.